पाव्हणं का पशिंजर? येडशीमार्गे तुळजापूर, बेंबळी आणि सोनारी

अक्काची ट्रंक आमच्या घरी कार्तिकात यायची आणि माघ संपला की दादाच्या घरी जायची. दादाकडं चार महिने, मग धाकट्या भाऊकडं चार, की पुन्हा कार्तिक. आमचे मेहुणे गेल्यापासून नऊ वर्षांत या वेळापत्रकात एकदाही चूक झाली नव्हती. रेल्वेनं येऊन शिकून जावं अशी व्यवस्था होती. दादा चारचौघांत सांगायचा, आम्ही तिघं भाऊ बहिणीला फुलासारखी जपतो. फूल दर चार महिन्यांनी कुंडीसकट उचललं जायचं, एवढंच.

गेल्या पौषातली गोष्ट. रविवारी तिन्ही भाऊ जेवायला एकत्र होतो. अक्कानं ताक वाढता वाढता सांगितलं की मेहुण्यांच्या विम्याचे पैसे पोस्टात पडून आहेत, त्यातून ती एक घर घेणार आहे. एका खोलीत स्वतः राहायचं आणि उरलेल्या दोन-तीन खोल्या चार-आठ दिवसांसाठी येणाऱ्यांना भाड्यानं द्यायच्या. हवापालटाला महाबळेश्वर ज्यांना झेपत नाही असे लोक देवदर्शनाच्या नावाखाली बाहेर पडतात. त्यांना स्वच्छ खोली, गरम पाणी आणि खिडकी दिली की ते पैसे देतील. जागा पाहायची ती सासरच्या कुलस्वामिनीच्या बाजूला, तुळजापुराकडं. तिनं तीन ठिकाणं कागदावर लिहूनही ठेवली होती: तुळजापूर, नाही जमलं तर जवळपासचं एखादं झाडापाण्याचं गाव, आणि तेही नाही तर परांडा तालुक्यातलं सोनारी. तिथं काळभैरवाला बारा महिने माणसं येतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

जेवण झाल्यावर दादानं मला अंगणात नेलं. त्याच्या डोक्यात त्या पैशांवर वरचा मजला चढवायचा होता. त्या मजल्यावर एक खोली अक्काला "कायमची" मिळणार होती, आणि मजला दादाला. दादा म्हणाला, "बापू, तुला काही कचेरी नाही. तू जा तिच्याबरोबर. चांगली फिरवून आण. हौस फिटली की माणूस घरी येतं. पैसे तेवढे परत आले पाहिजेत."

मी लिहून पोट भरतो. त्यामुळं मला काही काम नसतं असा घरात समज आहे. मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर अंगणात आणखी अर्धा तास उभं राहावं लागलं असतं.

पहिला दिवस: येडशी

पुण्याहून सकाळच्या सोलापूरच्या गाडीनं कुर्डुवाडी. तिथं उतरून छोट्या गाडीत बसायचं. तिसऱ्या वर्गानं सगळा प्रवास माणशी सहा-सात रुपयांत होतो. ज्यांना छोट्या गाडीची सवय नाही त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ती खरोखरच छोटी आहे. समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे आणि आपले गुडघे यांचं बार्शीपर्यंत चांगलं सख्य होतं. बार्शीच्या पुढं डबा मोकळा होतो आणि बाहेर ज्वारीच सुरू होते. भरल्या कणसांची, उंच, दोन्हीकडं. गाडी इतकी सावकाश जाते की पिकाची राखण करणाऱ्यांशी गप्पा मारता येतात, आणि लोक मारतातही.

अक्कानं बयाण्याचे पैसे मेतकुटाच्या डब्यात, मेतकुटाच्या खाली पुरले होते. इसाराला तिकडं बयाणा म्हणतात, हे मागाहून कळलं. वाटेत तिनं डबा एकदाही मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, मेतकूट फार नाजूक असतं का.

जिल्ह्याचं नाव कागदावर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. पण जिल्ह्याच्या गावाला आगगाडी नाही, ती येडशीला. येडशीला उतरायचं आणि एसटीनं पुढं जायचं. आम्ही दिवेलागणीला उतरलो, तेव्हा एसटी निघून गेली होती. दुसरी सकाळी. स्टेशनाबाहेर पत्र्याखाली शेषेराव नावाच्या पन्नाशीच्या गृहस्थाचं चहाचं हॉटेल होतं. मी त्यांच्याकडं तक्रार केली, तर त्यांनी किटली न थांबवता सांगितलं, "गाडी तिच्या टायमाला येती, यष्टी तिच्या टायमाला जाती. दोघींची गाठ कुणी घालूनच दिली न्हाय, साहेब."

हॉटेलाच्या मागं सात-आठ बाजा टाकलेल्या होत्या. शेषेरावांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पाव्हणं का पशिंजर?"

मी पुण्याचा. पहिल्याच भेटीत कुणी पाहुणा म्हणत असेल तर आपण कशाला नाही म्हणायचं? मी म्हणालो, "पाहुणेच की."

"कुणाचं?"

"कुणाचे नाही. असेच."

"असंच पाव्हणं नसतंय. कुणाचं तरी असतंय," ते म्हणाले, आणि आम्हाला न्यायला कुणाची तरी बैलगाडी येत असावी अशा समजुतीनं रस्त्याकडं पाहू लागले. दरम्यान मागून उतरलेल्या माणसांनी "पशिंजर" असं उत्तर देऊन, वीस-वीस पैसे टेकवून एकेक बाज धरली. सगळ्या बाजा संपल्या. आम्हाला न्यायला कुणीच आलं नाही. आम्ही वळकटीला टेकून, स्टेशनच्या भिंतीशी रात्र काढली. पौषातली थंडी येडशीला बरीच मनापासून पडते. तिकडं जाणाऱ्यांनी घोंगडी जवळ ठेवावी.

चहाचे पैसे मात्र शेषेरावांनी घेतले नाहीत. पाहुण्याकडून घेत नाहीत म्हणे. मला ते अडाणीपणाचं वाटलं आणि बरंही वाटलं.

सकाळी मी तोंड धूत असताना अक्का फलाटावर आणि पत्र्याखाली निजलेली माणसं बोटांवर मोजत होती. कशाला, विचारलं तर म्हणाली, "उगीच."

दुसरा आणि तिसरा दिवस: तुळजापूर

येडशीहून धाराशिव साठ पैसे, पुढं तुळजापूर साधारण तेवढेच. रस्ता घाटावर चढतो तिथं धूळ अशी उडते की उतरल्यावर सगळ्या यात्रेकरूंचा रंग एक होतो. देवीला हे आवडत असावं.

बसमधून पाय खाली टेकला न टेकला तोच एका माणसानं विचारलं, "कूळ कुठलं?" अक्कानं सासरचं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. तो माणूस पुढं, आम्ही मागं, अशा तीन गल्ल्या चढून आम्ही एका दगडी ओट्याशी थांबलो. आतून बाबूराव पुजारी आले. साठीचे, धिप्पाड, आवाज मात्र हलका. त्यांनी अक्काच्या सासऱ्यांचं नाव घेतलं, ते कोणत्या साली आले होते ते सांगितलं, आणि त्यांना खोकल्यामुळं दही चालत नव्हतं हेही सांगितलं. अक्काच्या सासऱ्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. आमच्या दादाला अक्काला दही चालतं की नाही हे अजून माहीत नसावं.

दर्शन झालं, जेवण झालं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी, वर तूप. मग अक्कानं विषय काढला. इथं तीन-चार खोल्यांचं घर विकत मिळेल का?

घर मिळेल, बाबूराव म्हणाले. पण खोल्यांत उतरणार कोण? तुळजापूरला येणारा प्रत्येक माणूस आधीच कुणाचा तरी असतो. आजा ज्या पुजाऱ्याकडं उतरला त्याच्याच घरी नातू उतरतो, तिथंच जेवतो, आणि जाताना आपल्या ऐपतीप्रमाणं दक्षिणा ठेवतो. दर नाही, बोली नाही. घर कसं आहे, खिडकी आहे का, हे कुणी पाहत नाही.

"बाई, तुमची खोली लाख चांगली असंल," ते म्हणाले. "पण उद्या माझं कूळ तुमच्या खोलीत उतरलं तर मी त्याच्याकडं कसं बघू, नि तुमच्याकडं कसं बघू?"

ते इतक्या सौम्यपणे म्हणाले की भांडायला जागाच उरली नाही. पुणेरी माणसाची अशा वेळी पंचाईत होते.

संध्याकाळी जेवताना अक्कानं सहज विचारलं की देवळातली सेवा ते रोज करतात का. बाबूराव म्हणाले, नाही, घराण्याघराण्यांत दिवस वाटलेले आहेत. "पाळी आली का आमी देवीकडं जातो. पाळी सरली का घरी."

"आमच्याकडं उलटं आहे," अक्का म्हणाली. "पुजारी घरी बसतात. देवी पाळीनं फिरते."

बाबूरावांना ते कळलं नाही. त्यांच्या बायकोला कळलं. तिनं अक्काच्या पानात आणखी एक पळी तूप सोडलं. मी खालची फरशी पाहिली. शहाबादी होती, चांगली घोटलेली.

तिसऱ्या दिवशी अक्का एकटीच गावभर हिंडली. कुणाच्याही ओट्यावर "खोली मिळेल" असं लिहिलेलं नव्हतं, आणि खोली नसलेलं घरही नव्हतं. तिनं कागदावरच्या तुळजापुरावर रेघ मारली. निघताना बाबूरावांनीच बेंबळीचं सुचवलं. तिथल्या एका पाटलांचं, म्हणजे त्यांच्याकडं उतरणाऱ्या एका कुळाचं, आमराईतलं घर मोकळं पडलं होतं.

चौथा दिवस: बेंबळी

बेंबळी मोठं गाव आहे. धाराशिवाहून एसटी जाते. ती कधी जाते हे कंडक्टरला विचारावं, वेळापत्रकाला विचारू नये. पाहायला काही नाही आणि खायला पुष्कळ आहे, हे गावाचं थोडक्यात वर्णन. आम्ही गेलो ते हुरड्याचे दिवस. पाटलांनी आमचं काम ऐकायच्या आधी आम्हाला शेतात बसवलं आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं चोळून चोळून पुढं टाकायला सुरुवात केली. बरोबर गूळ, लसणाची चटणी, दही. मी पोट भरल्याचं तीनदा सांगितलं. पाटलांनी ते शिष्टाचार म्हणून ऐकून घेतलं.

घर खरंच सुरेख होतं. माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेलं, आत उन्हाळ्यातही गार. पुढं विहीर, मागं आंबे. हवापालटाला यापेक्षा चांगली हवा विकत मिळाली नसती. अक्काचा चेहरा बघून मला दादाच्या वरच्या मजल्याची काळजी वाटू लागली.

पाटील पंचेचाळिशीचे, मिशीला जपणारे. अक्का सांगत गेली, ते मान डोलवत गेले. घर विकायला तयार. किंमत वाजवी. मग अक्कानं खोल्यांचं सांगितलं.

"किरायानं देनार?" पाटलांनी विचारलं. "द्या की. मास्तर हाय, तलाठी हाय, वर्षाच्या बोलीनं ऱ्हातेत."

अक्का म्हणाली, वर्षाच्या नाही. तीन दिवस, चार दिवस, फार तर आठ.

पाटलांनी हुरडा चोळायचा थांबवला. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच.

"तीन दिसाचा मानूस म्हंजे पाव्हणा झाला, अक्का."

"तो पैसे देईल ना पण."

"पाव्हण्याकडनं किराया?" त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. "त्यो हितं उतरला, मला दिसला, तर मी त्याला जेवायला नेनारच. म्या जेवू घालायचं नि तुमी किराया घ्यायचा, आसं कसं जमंल? गावात ऱ्हायचंय न्हवं तुमाला?"

तिथं मला ती भानगड उलगडली. या मुलखात वर्षभर राहतो तो किरायादार आणि चार दिवस राहतो तो पाहुणा. किरायादार पैसे देतो, पाहुणा देत नाही. चार दिवस राहून पैसे देणाऱ्या माणसासाठी इथं शब्दच नाही. ज्याला शब्द नाही त्याला खोली कोण देणार? मी हे अक्काला परतीच्या एसटीत समजावून सांगितलं. मला वाटलं होतं ती हिरमुसेल. ती बाहेरची ज्वारी पाहत म्हणाली, "आणि चार महिने राहतो तो कोण?"

एसटीचा आवाज मोठा होता. ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

पाचवा दिवस: सोनारी

धाराशिवाहून बार्शी, बार्शीहून परांडा, तिथून सोनारी. सगळे मिळून अडीच रुपये आणि संपूर्ण दिवस. शेवटचा टप्पा आम्ही बैलगाडीनं केला. कंबर असलेल्यांनी विचार करून करावा.

देऊळ छान आहे, हेमाडपंती वळणाचं, भोवती मोठाली झाडं. आणि झाडांवर माकडं. देवाची म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही, हे माकडांना ठाऊक आहे. मी पायरीवर बसून दशमीची पुरचुंडी सोडली आणि वर मान करीपर्यंत ती एका वयस्कर वानरिणीच्या हातात होती. तिनं वास घेतला, अर्धी खाल्ली आणि अर्धी माझ्याकडं पाहत खाली टाकली. आमच्या लेखनाबद्दलचे काही अभिप्राय मला आठवले.

विकाऊ घर देवळाच्या अंगालाच होतं आणि किंमत इतकी कमी की संशय यावा. आत गेल्यावर कारण कळलं. माळवदाला दोन ठिकाणी आभाळ दिसत होतं आणि त्यातल्या एकातून एक पिल्लू आमच्याकडं डोकावत होतं. मालक म्हणाले, दर वर्षी पांढरी माती घालतो, दर वर्षी ती उकरतात; एवढं सोडलं तर घर उत्तम. अक्का वर बघून म्हणाली, "इथं पाहुणे आधीच उतरलेत," आणि तिनं तिसरी रेघ मारली.

थोडक्यात, यादी संपली. पैसे मेतकुटाखाली जसेच्या तसे होते. माझ्यावर सोपवलेलं काम माझ्या हातून काहीही न करता पार पडलं होतं. माझी बहुतेक कामं अशीच होतात. सहाव्या दिवशी बार्शीच्या स्टेशनवर मी तिकिटांच्या रांगेत उभा राहिलो आणि अक्का बाकावर डबा घेऊन बसली. तिथून पुढं फाल्गुनात दादाकडं, आषाढात भाऊकडं, हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. तिलाही दिसत असणार. माझा नंबर आला तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली होती.

"पुण्याची काढू नकोस," ती म्हणाली. "दोन येडशी."

"येडशीला काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर."

मागचा माणूस कुरकुरायला लागला. मी दोन येडशी काढली.

सहावा दिवस: पुन्हा येडशी

गाडी पुन्हा दिवेलागणीला पोचली. एसटी पुन्हा निघून गेली होती. शेषेरावांनी किटली हातात धरून पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी आम्हाला ओळखलं होतं, पण प्रश्न चुकवायची त्यांची पद्धत नसावी.

"पाव्हणं का पशिंजर?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "पशिंजर."

"आसं म्हना की," शेषेराव म्हणाले आणि दोन बाजा आमच्यापुढं सरकवल्या. "त्या दिवशी का पाव्हणं म्हनला? बाईमानसाला भिताडाला टेकून बसवलं तुमी."

अक्कानं चाळीस पैसे दिले, ते त्यांनी घेतले. चहाचे दिले, तेही घेतले. मग तिनं त्यांना समोर बसवून विचारायला सुरुवात केली. रोज इतकी माणसं राहतात का? रोज. बायका कुठं झोपतात? फलाटावर, गाठोड्याला टेकून. सोबत कुणी नसलं तर बाप्यांच्या रांगेत बाजेवर त्या कशा झोपतील? खोली मिळाली तर पैसे देतील का? शेषेरावांना हा प्रश्न विचारण्यासारखा वाटला नाही.

"पशिंजर हाय न्हवं, बाई. पशिंजर देतोच. टेसनावर उतरला त्यो कुनाचाच नसतोय. गावात गेला का मग त्यो पाव्हणा."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी एसटीत ऐटीत सांगितलं होतं की शब्द नाही. शब्द होता. पहिल्याच दिवशी तो मला विचारला गेला होता आणि मी नको म्हटलं होतं.

तिला आता खिडकीतून दिसणारे आंबे नको होते, देवळाचा कळस नको होता. माणसं जिथं हौसेनं जातात ती जागा तिनं सोडून दिली आणि जिथं अडकतात ती धरली. स्टेशनामागं शंभर पावलांवर एक कौलारू घर होतं. पूर्वी आडत्याचं होतं, शेंगांची पोती ठेवायचे. चार खोल्या, एक आड, पुढं पडवी. आता मालक होते मुन्शीजी. निजामशाहीत तहसिलीत लेखनिक असलेले, सत्तरीचे, काटकुळे, स्वच्छ पांढऱ्या पायजम्यातले. हैदराबादला मुलीकडं राहायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घर पाहिलं. अडचण एकच होती, आणि ती मजेदार होती. घराचा कागद उर्दूत होता. आम्हाला उर्दू येत नाही. शेषेरावांना येत नाही. स्टेशनच्या आसपास ती एकाच माणसाला येत होती, आणि तो माणूस घर विकत होता.

मी अक्काला बाजूला घेऊन हे समजावून सांगितलं. तिनं मुन्शीजींना कागद वाचायला सांगितला. ते एकेक ओळ उर्दूत वाचायचे आणि मग हिंदी-मराठीच्या सरमिसळीत अर्थ सांगायचे. अक्का पेन्सिलीनं लिहून घेत होती. चारी बाजूंच्या हद्दी, आडाचा हक्क, बाभळीचं एक झाड, सगळं. संपल्यावर तिनं कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी पुन्हा वाचाल का?"

मुन्शीजी हसले. "वाचेन, बाई. परसोंभी वाचेन. कागज तोच आहे."

उरलेला दिवस मोकळा होता म्हणून आम्ही रामलिंगला जाऊन आलो. वाचकांनी हे चुकवू नये. येडशीहून चालत तासभर. खाली दरीत देऊळ, भोवती रान आणि अशी शांतता की स्वतःचा श्वास गैरसोयीचा वाटतो. धबधबा पावसाळ्यातच असतो. पौषात त्या जागी ओला दगड असतो आणि पुजारी त्या दगडाचं वर्णन करतात. अक्का त्या दगडावर पाय सोडून बसली होती. मी विचारलं, एकटी राहशील? ती म्हणाली, "रोज दहा-बारा माणसं गाडी चुकून येणार आहेत. एकटी कुठं?" आणि उठता उठता, "आणि सकाळी जाणार आहेत. तेही बरंच आहे."

दुसऱ्या दिवशी मुन्शीजींनी कागद पुन्हा वाचला. अक्का आपल्या पेन्सिलीच्या ओळींवर बोट फिरवत होती. बाभळीच्या झाडापर्यंत सगळं शब्दाला शब्द जुळलं. फक्त शेवटी मुन्शीजी थांबले आणि म्हणाले, काल एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती कागदात नाही: तिसऱ्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं, लाथ मारावी लागते.

अक्कानं मेतकुटाचा डबा उघडला. नोटांना हिंगाचा वास येत होता. मुन्शीजींनी त्या नाकाशी नेल्या आणि सभ्यपणे मोजायला घेतल्या. पावती लिहिली, मराठीत, अक्काच्या अक्षरात. एक साक्ष शेषेरावांची झाली. दुसरी माझी हवी होती.

हा भाग प्रवासवर्णनाच्या बाहेरचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दादानं मला पैसे परत आणायला पाठवलं होतं. मी हो म्हणून आलो होतो. सही केली नसती तर बयाणा अडला असता, मुन्शीजी चार दिवसांत हैदराबादला गेले असते आणि फाल्गुनात ट्रंक दादाकडं गेली असती. अक्कानं पेन माझ्यापुढं धरलं आणि दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण लावलं. मेहुणे गेले त्या वर्षी आम्ही भावांनी तिच्या महिन्यांची वाटणी केली, ती चिठ्ठी मीच लिहिली होती. माझं अक्षर बरं आहे म्हणून.

मी सही केली. माझी सही कुणाला वाचता येत नाही, हे त्या वेळी सोयीचं वाटलं.

घरी

पुण्यात दादानं पावती दोनदा वाचली. अक्काचं नाव वाचलं, शेषेरावांचं वाचलं, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुणाची?"

"वाचता येत नाही," मी म्हणालो.

दादा त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. हा या प्रवासाचा अनपेक्षित फायदा. माघात पोस्टातले उरलेले पैसे मुन्शीजींना पोचले, आणि ट्रंक निघाली ती दादाकडं न जाता स्टेशनवर गेली. कधी नव्हे ते तिकीट एकाच बाजूचं होतं. भाऊची बायको रडली. ती मनापासून रडली असावी, कारण अक्का लोणची फार चांगली घालते.

त्या बाजूला जाणाऱ्यांसाठी: तुळजापूरला आपला पुजारी आपल्याला शोधून काढतो, तुम्ही शोधू नका. बेंबळीला पोट रिकामं ठेवून जा. सोनारीला हातात काही धरू नका. आणि येडशीला शेवटची एसटी चुकणारच आहे, तेव्हा घाई करू नका. स्टेशनामागं कौलारू घरावर पाटी दिसेल: "पशिंजर लोकांसाठी खोल्या. बायकांची सोय वेगळी." माणशी आठ आणे. सकाळी गरम पाणी. तिसऱ्या खोलीचं दार पावसाळ्यात लाथ मारून उघडावं.

आमच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात ट्रंकेच्या आकाराची एक फिकट चौकट फरशीवर उरली आहे. बायको अजून तिला वळसा घालून जाते. मीही जातो.

गेल्या आठवड्यात अक्काचं पत्र आलं. खोल्या भरलेल्या असतात, आडाला पाणी आहे, शेषेरावांच्या सुनेला तिनं भाकऱ्यांच्या कामाला घेतलंय. तू दिवाळीला ये, असं लिहिलंय. आणि खाली, समासात: "येण्याआधी कळव, पाव्हणा म्हणून येतोस की पशिंजर म्हणून. पाव्हणा असलास तर चार दिवसांनी निघावं लागेल. पशिंजर असलास तर हवं तितकं राहा, आठ आणे पडतील."

उत्तराचं कार्ड पाच दिवस टेबलावर आहे. पत्त्याची बाजू लिहून झाली आहे.